तळहातावरचे तीन थेंब

१५ ऑगस्टला आपल्या धर्मग्रामांत सकाळी दोन सोहळे होतात. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा संपते आणि भाविक चर्चच्या पटांगणात झेंडावंदनाला जमतात. दोन्ही प्रसंगी बोलताना आम्ही ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वर्षानुवर्षे फार सहजतेने वापरीत आलो आहोत. १९७५ साली याच दिवशी व्हिएतनाममधील सायगाव शहरात एका महागुरूंना ‘स्वातंत्र्य राजवाडा’ नावाच्याच वास्तूत बोलावण्यात आले आणि अटक झाली. त्यांचे नाव फ्रान्सिस झेवियर न्गुएन व्हान थुआन. गोव्याशी कायमचे जोडले गेलेले संतनाम त्यांनाही लाभले होते! वय ४७. खिशात फक्त एक जपमाळ.

१९६७ पासून ते न्हा त्रांगचे महागुरू होते. एप्रिल १९७५ मध्ये पोप सहावे पौल यांनी त्यांची सायगावचे सहमहागुरू म्हणून नेमणूक केली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला शहर कम्युनिस्टांच्या हाती गेले. दक्षिण व्हिएतनामचे दिवंगत अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम हे त्यांचे मामा. तेव्हा संशयाला निमित्त शोधावे लागले नाही. तेरा वर्षे बंदिवास, त्यांतील नऊ वर्षे एकांतकोठडी. खटला मात्र कधीच चालला नाही.

या महात्म्याला पहिल्या दिवसापासून शांती लाभली असे कोणी समजू नये. आपले लोक मेंढपाळावाचून राहिले, हाती घेतलेली कामे उद्ध्वस्त होत आहेत, या विचाराने त्यांना रात्र रात्र झोप येत नसे. अशाच एका रात्री त्यांना अंतःकरणात उमगले, की देव आणि देवाची कामे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा, सेमिनरी, धर्मग्रामांच्या भेटी ही सारी देवाची कामे. ती त्याने काढून घेतली तर दुसऱ्या कोणाच्या हातून तो करून घेईल. आपण निवडायचे ते त्याला.

हे वाचताना आम्ही थबकलो. काही वर्षांपूर्वी आमची बदली झाली, तेव्हा शाळेचा दुसरा मजला अर्धाच राहिला होता. नव्या धर्मग्रामात कित्येक आठवडे आम्ही वेदीपाशी उभे राहूनही मनात सिमेंटच्या गोण्या मोजीत होतो. आमच्या दुःखाची त्यांच्या दुःखाशी तुलना करणे हास्यास्पदच. पण दुखणे त्याच जातीचे होते.

अटकेनंतर त्यांनी बाहेर निरोप धाडला, की पोटदुखीवरचे औषध पाठवावे. लोकांनी अर्थ ओळखला. औषधाची चिठ्ठी लावलेल्या बाटलीतून द्राक्षारस आला आणि दमट हवेत खराब होऊ नये म्हणून विजेरीत दडवलेल्या भाकरीही आल्या. मग रोज तळहातावर तीन थेंब द्राक्षारस आणि एक थेंब पाणी घेऊन त्यांची मिस्सा होऊ लागली. तळहात हाच प्याला, तळहात हीच वेदी. पुढे छावणीत रात्री दिवे मालवल्यावर ते बिछान्यावर वाकून स्मरणातून मिस्सा म्हणत आणि मच्छरदाणीखालून ख्रिस्तप्रसाद शेजारच्या कैद्यांना देत. सिगारेटच्या पाकिटांच्या कागदाच्या पिशव्या करून त्यांत तो जपून ठेवला जाई.

एकांतकोठडीत तर खिडकीही नव्हती. दमटपणामुळे बिछान्यावर बुरशीची छत्रे उगवत. श्वासासाठी ते खालच्या भोकाशी नाक लावून पडून राहत. या काळात कित्येकदा आपल्याला प्रार्थनाही करता येत नसे, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. आम्हांला त्यांचे हे सांगणे फार मोलाचे वाटते.

पहारेकरी आरंभी बोलतच नसत. थुआन यांनी त्यांना परदेशांच्या गोष्टी सांगितल्या, फ्रेंच आणि इंग्रजी शिकवले. ते पहारेकऱ्यांना ‘बिघडवतात’ म्हणून दर पंधरवड्याला माणसे बदलण्यात येऊ लागली. पण अशाने सारेच बिघडतील या भीतीने अधिकाऱ्यांनी तो क्रमच बंद केला! एकाने पवित्र आत्म्याला आवाहन करणारे लॅटिन गीत त्यांच्याकडून शिकून घेतले. सकाळी जिना उतरून अंघोळीला जाताना तो ते मोठ्याने म्हणत असे, आणि कोठडीतले महागुरू ऐकत असत.

दुसऱ्या एका पहारेकऱ्याने लाकडाचा तुकडा तोडू दिला, त्याचा त्यांनी क्रूस केला आणि साबणात दडवला. विजेच्या तारेचा तुकडा मिळाला, त्याची साखळी झाली. २१ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यांची सुटका झाली. २००१ साली ते कार्डिनल झाले आणि २००२ साली रोममध्ये निवर्तले. तोच क्रूस, त्याच तारेची साखळी, त्यांच्या गळ्यात असे.