‘सडपातळ’ शब्दाचें कुळ

वधूवरांच्या जाहिरातींत ‘सडपातळ’ हें विशेषण इतक्या वेळां येतें कीं, त्याचें कुळ विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. संस्कृत ‘पत्र’ म्हणजे झाडाचें पान. त्यापासून ‘पत्रल’, प्राकृतांत ‘पत्तल’ आणि मराठींत ‘पातळ’. हिंदींतील ‘पतला’ हा त्याचाच भाऊ. पानासारखें जें जाडीला कमी, तें पातळ.

पुढें हा शब्द मागावर चढला. जाड लुगड्याहून हलक्या विणीच्या वस्त्राला ‘पातळ’ हें नांवच मिळालें. सोलापुरासारख्या विणकरांच्या गांवीं ही स्तुतीच होय. परंतु स्वयंपाकघरांत वरण पातळ झालें कीं तक्रार! देहाच्या बाबतींतहि शब्द असाच दुतोंडी राहिला, आणि त्याला कारण आहे. हा जिल्हा अवर्षणाचा. १८७६-७८ च्या दुष्काळांत येथें उपासमारीनें व रोगांनीं माणसें मेलीं. जीं जगलीं त्यांपैकीं कित्येकांनीं दुष्काळी कामांवर दिवस काढले. अशा मुलखांत बारीक अंग हें रिकाम्या पोटाचें चिन्ह. ‘रोडावला’, ‘वाळला’, ‘खंगला’ हीं आपलीं सारीं क्रियापदें काळजीचीं आहेत; कौतुक व्हावयाचें तें गुटगुटीत बाळाचें. म्हणून नुसत्या ‘पातळ’ला देहाची स्तुति साधेना. ‘सडसडीत’मधला ‘सड’ मागें उभा राहिला, तेव्हां कोठें बांध्याचा डौल त्या शब्दांत आला, असें मला वाटतें. आज मुलगी सडपातळ हवी म्हणणारीं घरें पोटभर जेवणारीं आहेत, हें उघड आहे.

इंग्रजांच्या ‘स्लिम’चें कुळ मात्र इतकें सरळ नाहीं. सतराव्या शतकांत तो डच भाषेंतून आला, आणि तेथें त्याचा अर्थ वांकडा, वाईट, लबाड असा होता. जर्मनांचा ‘श्लिम’ अजून वाईटच. बोअर युद्धाच्या वेळीं (१८९९-१९०२) इंग्रज लोक बोअरांना ‘स्लिम’ म्हणत, तें कांहीं त्यांच्या कमरेकडे पाहून नव्हे!

आमच्या शुक्रवार पेठेच्या आसपास तीन भाषा कानीं पडतात. कानडी घरांत बारीक ह्या अर्थीं ‘सण्ण’ म्हणतात, तेलुगु विणकरांकडे ‘सन्न’. दोन्हींचें मूळ संस्कृत ‘श्लक्ष्ण’, म्हणजे गुळगुळीत, तलम. आणि मराठी माणूस ‘लहानसान’ म्हणतो, त्यांतला ‘सान’हि तोच.