दुष्काळ शरीरात किती काळ राहतो?

वाशी म्हटले की बहुतेकांना खाडीपूल आणि घाऊक बाजार आठवतो. मित्रहो, ही ती वाशी नव्हे. ही धाराशिव जिल्ह्यातील वाशी. पर्जन्यछायेतील, ज्वारी-तुरीची, दिवाळी सरताच ऊसतोडीसाठी ओस पडणाऱ्या घरांची. या मुलखाचा इतिहास लिहिताना आपण निजामाची राजवट लिहितो, १९४८ ची पोलीस कारवाई लिहितो. दुष्काळ मात्र पार्श्वभूमीत राहतो. आजचा धागा त्या दुष्काळाविषयी आहे, आणि मधुमेहाविषयी.

दोन्हींचा संबंध काय, असे कोणीही विचारील. मधुमेह हा तर सुखवस्तूंचा रोग, अशी आपली समजूत. ती पूर्णपणे चुकीची नाही, पण अपुरी आहे. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे माता-पित्यांच्या बीजदोषातून आलेला, दुसरा अपथ्यातून उद्भवलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. पहिल्याला पोषण द्यावे, दुसऱ्याकडून श्रम करवून घ्यावेत, असा उपचारभेदही तेथे आहे. वारसा आणि राहणी ही विभागणी आपल्याकडे इतकी जुनी आहे. तथापि या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे आणि ती इतिहासाच्या विद्यार्थ्याची आहे: भूक.

१८७६-७८ च्या महादुष्काळाने दख्खन होरपळली. निजामाचा मुलूखही सुटला नाही. शेजारच्या इंग्रजी इलाख्यांत सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामांवरील मजुरी कमी केली. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ रोकड. एवढ्यावर त्याने दिवसभर माती उपसायची. मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. या प्रसंगाकडे आपण राजकीय जागृतीचा टप्पा म्हणून पाहतो. त्या वर्षी गरोदर असलेल्या बायकांचा विचार क्वचितच करतो.

१९७२ चा दुष्काळ अजून स्मरणात आहे. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्त्यांची कामे, मुलांना सुकडी, घरात अमेरिकेहून आलेली लाल मिलो. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात मदतकामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोहोचली होती. त्या कामांनी असंख्य जीव वाचवले, हे निर्विवाद. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. पण जीव वाचणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक हिशोब करून पाहा. मुलीच्या देहातील सर्व बीजांडे ती आईच्या गर्भात असतानाच तयार होतात. तुमची आई १९७३ साली जन्मली असेल, तर ज्या बीजांडातून तुम्ही झालात ते तुमच्या आजीच्या पोटात, कदाचित खडीच्या ढिगाऱ्याजवळ, घडले. यावरून रोगाविषयी लगेच काही सिद्ध होत नाही. परंतु आज विशीत असलेल्या वाचकापासून १९७२ किती जवळ आहे, हे मात्र कळते.

भुकेचा आणि मधुमेहाचा संबंध जोडण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांचा, १९६२ चा. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या समाजांत ऊर्जा साठवणारी ‘काटकसरी’ जनुके टिकली आणि सुबत्तेत तीच घातक ठरली, असे त्यांचे म्हणणे. कल्पना देखणी आहे आणि म्हणूनच समाजमाध्यमांवर ती अजून सिद्धान्ताच्या थाटात फिरते. प्रत्यक्षात तसे एक ठळक जनुक हाती लागलेले नाही.

दुसरी वाट इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी दाखवली. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविकांनी बाळांची वजने वह्यांत टिपली होती. बार्कर यांनी त्या वह्या शोधून त्या बाळांचे पुढे काय झाले ते पाहिले. कमी वजनाने जन्मलेल्यांत उतारवयात हृदयविकार अधिक होता. हॉलंडमधील १९४४-४५ च्या ‘भुकेच्या हिवाळ्या’चे पुरावेही याच दिशेचे: त्या काही महिन्यांत गर्भात असलेल्यांच्या एका जनुकावरील रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांहून वेगळ्या आढळल्या. जनुक तेच, त्याच्यावरील खूण वेगळी. दप्तरखान्यातील एखादी उपेक्षित वही काय काय सांगू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडे हे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची, त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून, नोंद सुरू झाली. या माता सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. अपेक्षा अशी की पुण्याचे बाळ सर्व बाजूंनी सारखेच लहान असेल. तसे नव्हते. स्नायू कमी, पोट लहान, पण त्वचेखालची चरबी जवळपास राखलेली. ‘कृश पण मेदयुक्त’ बाळ हा शब्दप्रयोग येथूनच जगभर गेला. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

मग जनुकांचे काय? त्यांचा वाटा आहेच. २००७ साली पुण्याच्या रुग्णांवर हैदराबादच्या सीसीएमबीबरोबर झालेल्या अभ्यासात टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी स्पष्ट संबंध दिसला. पण हेच जनुक युरोपीयांतही तितकेच बोलते. भारतीयांना हा रोग सुमारे दहा वर्षे आधी आणि कमी वजनावर का गाठतो, याचे उत्तर एकट्या त्याच्याकडे नाही. ‘आमच्या रक्तातच आहे’ हे वाक्य म्हणूनच मला खटकते. त्यात इतिहास पुसला जातो.

वयाची भर यावर पडते. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वयानुसार थकतात. ज्याच्या वाट्याला गर्भातच त्या कमी आल्या, त्याची शिल्लक लवकर संपते. १९७२-७३ ची बाळे आज पन्नाशी ओलांडत आहेत. त्यांच्या ताटात आता रेशनचा तांदूळ, गोड चहा, पुड्यातला खाऊ आला आहे आणि पायांऐवजी दुचाकी. केवळ आळस म्हणून या माणसांना दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही. चालणे आणि ज्वारी-भाजीचा आहार यांचा उपयोग तरीही होतोच; भूतकाळ बदलता येत नाही, पण त्यावर रचली जाणारी भर कमी करता येते.

पुण्याजवळच्या त्या गावांतील मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा निम्म्या जणांचे वजन कमी होते. तरीही सुमारे ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली पूर्वमधुमेहाच्या टप्प्यावर होत्या. त्यांच्या मातांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जणींना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. म्हणून २०१२ पासून याच मुलामुलींना, ती आई-बाप होण्याच्या आधीच, बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांतील मुलींची बाळे आता जन्मली आहेत आणि वहीत तिसऱ्या पिढीची वजने लिहिली जात आहेत.