कर्ज फिटल्यावरचा पैसा

कर्जाचा शेवटचा हप्ता देऊन माणूस घरी परततो, तो दिवस संसारातल्या एखाद्या लहानशा सणासारखा असतो. पगार हाती येण्यापूर्वीच ज्या रकमेवर वर्षानुवर्षे दुसऱ्याचे नाव लागलेले असे, ती रक्कम पुढल्या महिन्यात प्रथमच आपल्या नावावर उरते. मग घरात विचार सुरू होतो. गृहिणी म्हणते, मुलीसाठी थोडे सोने करून ठेवू. वडील म्हणतात, पोस्टात टाका. शेजारी सांगतात, अमक्या ठिकाणी दोन टक्के व्याज जास्त मिळते. प्रश्न घरगुती दिसतो खरा. परंतु आपल्या देशात त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची बरीचशी पाने लहान माणसांच्या बुडालेल्या पैशांनी लिहिली गेली आहेत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, कर्ज फिटण्याची अवस्थाच पूर्वी फार थोड्यांच्या वाट्याला येत असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, आपल्याकडील कापसाला अपूर्व भाव आला. त्या तेजीत दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली आणि पतीबरोबर कर्जही वाढले. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि शेतकऱ्याच्या अंगावर खते तेवढी उरली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता; त्या हाती लागताच त्यांची होळी करण्यात आली. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याच कापसाच्या पैशाने मुंबई शहरात शेअरांचा उन्माद चढविला होता. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअर आकाशाला भिडले होते. १८६५ साली तो सारा डोलारा जमीनदोस्त झाला. खेडे कर्जात बुडाले आणि शहर बचतीसकट बुडाले, असा तो काळ होता.

अशा काळात शहाण्या माणसाने शिल्लक सोन्यात घातली, तर त्यास अडाणी म्हणता येणार नाही. दागिना मोडीत काढताना घट सोसावी लागते, मजुरी वाया जाते आणि व्याज तर मुळीच मिळत नाही. परंतु तो अडीअडचणीला गहाण पडतो, गाव सोडताना अंगावर नेता येतो, आणि स्त्रीधन म्हणून पुष्कळदा घरातील स्त्रीची तीच एकमेव स्वतःची ठेव असते. या हिशेबाची मुळे किती खोल गेली आहेत, हे पुढे सरकारलाही अनुभवास आले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले, नवे दागिने चौदा कॅरटांपेक्षा अधिक शुद्ध नसावेत असा दंडक घालण्यात आला, १९६८ साली त्याचा स्वतंत्र कायदाही झाला. पण सोन्यावरील लोकांची श्रद्धा ढळली नाही, आणि अखेर १९९० साली तो कायदाच मागे घ्यावा लागला.

सोन्याला पहिला खरा पर्याय दिला तो सरकारी बचत बँकेने. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे १८३३ ते १८३५ या काळात अशा बँका निघाल्या होत्या. परंतु सामान्य माणसाच्या दारापर्यंत बचतीचे खाते नेले ते पोस्टाने, १८८२ साली. व्याज माफक होते. मात्र जो पोस्टमन पत्र आणतो आणि जो मास्तर मनीऑर्डर देतो, त्याच्याच कचेरीत आपले पैसे आहेत, हा दिलासा मोठा होता. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच लोकांचा हा विश्वासही डळमळला आणि पोस्टांतून पैसे काढून घेण्यासाठी झुंबड उडाली. मागणाऱ्याला पैसे मिळत गेले. ज्या ठेवीदाराला मागताक्षणी पैसे मिळतात, तो भीती ओसरल्यावर परत येतो; पोस्टाच्या खात्याचे तसेच झाले.

अधिक व्याजाच्या मोहाची कथा याहून कडू आहे. मद्रासमध्ये अर्बथनॉट आणि कंपनी ही इंग्रजांची नामांकित पेढी होती. तिची इमारत, तिचे मालक आणि सरकारदरबारी असलेले त्यांचे वजन पाहून निवृत्त नोकरदार, वकील आणि विधवा यांनी आपली पुंजी तेथे ठेवली होती. २२ ऑक्टोबर १९०६ रोजी त्या पेढीने दिवाळे जाहीर केले. परदेशच्या जोखमीच्या व्यवहारांत ठेवीदारांचा पैसा खर्ची पडला होता. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज अर्बथनॉट यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पण त्या शिक्षेने ठेवीदारांच्या घरची चूल पेटणार नव्हती. या आघातातूनच मद्रासच्या मंडळींनी १९०७ साली इंडियन बँक उभी केली. स्वदेशीच्या त्या दिवसांत देशात इतरही अनेक बँका निघाल्या. मात्र नाव स्वदेशी असले म्हणजे व्यवहार चोख असतोच असे नाही, हे १९१३ साली दिसून आले. लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक त्या वर्षी बंद पडल्या. दुसरीचा पैसा चांदीच्या सट्ट्यात अडकला होता. गोऱ्या पेढीने आणि देशी बँकेने दिलेला धडा एकच होता: जास्त व्याज हे पुष्कळदा जास्त जोखमीचे दुसरे नाव असते, आणि ती जोखीम ठेवीदाराच्या डोक्यावर असते.

तिसरा मार्ग सहकाराचा. १९०४ च्या कायद्यानंतर दोनच वर्षांत मुंबईत शामराव विठ्ठल आणि पुण्यात कॉसमॉस या संस्था उभ्या राहिल्या. एका सभासदाची बचत दुसऱ्या सभासदाचे सावकारी कर्ज फेडू शकते, ही कल्पना मोठी होती. पण ती खेड्यात पोहोचण्यास फार वेळ लागला. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे सत्तर टक्के सावकारांकडून आणि जेमतेम तीन टक्के सहकारी संस्थांकडून आल्याचे आढळले.

स्वातंत्र्यानंतर ठेवीदारांवर मोठा घाला पडला तो १९६० साली. आपल्या विदर्भातील अकोल्याची लक्ष्मी बँक त्या वर्षी कोसळली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये केरळमधील पालै सेंट्रल बँक गुंडाळण्याचा हुकूम झाला. अकोल्याचा ठेवीदार आणि पालैचा ठेवीदार एकमेकांची भाषा जाणत नव्हते. परंतु बंद दारापुढे पासबुक हातात घेऊन उभे राहण्याचे दुःख दोघांचेही एकच होते. या दुःखातूनच ठेवविम्याचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक व्यापारी बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. ही मर्यादा वाढत वाढत १९९३ साली एक लाख आणि २०२० साली पाच लाख रुपये झाली. अखेरची वाढ मुंबईतील एका मोठ्या सहकारी बँकेवर २०१९ साली निर्बंध आल्यानंतर झाली, हे विसरता कामा नये. कायदा बहुधा ठेवीदाराच्या अश्रूंमागून चालत येतो.

सरकारी छापही सर्वत्र सारखी नसते. १९६४ साली सुरू झालेल्या युनिट ट्रस्टच्या पहिल्या योजनेत लाखो मध्यमवर्गीयांनी ती जणू मुदतीची ठेवच आहे अशा समजुतीने पैसे घातले. वस्तुतः त्या पैशाचा मोठा भाग शेअरबाजारात होता. जुलै २००१ मध्ये त्या योजनेची खरेदी-विक्री थांबविण्यात आली, तेव्हा ठेव आणि गुंतवणूक यांतील भेद लोकांना उमजला.

तर मग घरातल्या त्या चर्चेला इतिहास काय उत्तर देतो? तो एकच एक जागा दाखवीत नाही. 'पैसे कोठे ठेवू?' या प्रश्नापाठोपाठ दुसरे तीन प्रश्न विचारावयास तो शिकवितो: हा पैसा पुढे कोणाच्या हाती जातो? मला हवा त्या दिवशी तो परत मिळेल काय? आणि बुडालाच, तर भरून कोण देणार? सोन्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले, पोस्टाने तिसऱ्याचे. अर्बथनॉटच्या ठेवीदारांनी पहिला प्रश्न विचारलाच नाही. म्हणून आजारपणाला पुरेल एवढी रक्कम आधी मागताक्षणी मिळेल अशा जागी असावी, उरलेली एकाच उंबरठ्यावर ठेवू नये, आणि ज्या व्याजाचे कारण समजत नाही त्याच्या वाटेस जाऊ नये.

सुप्याच्या शेतकऱ्याला आपली सुटका व्हावी म्हणून सावकाराची वही जाळावी लागली. आज ज्याने आपले कर्ज स्वतः फेडले आहे, त्याच्या हाती स्वतःची वही आहे. तिचे पहिले पान भरताना थोडा वेळ लागला तरी चालेल. इतरांनी फार मोठी किंमत देऊन तो वेळ आपल्यासाठी विकत घेऊन ठेवला आहे.