ढिगाऱ्यातले दगड

यरुशलेमेचा तट बांधताना सनबल्लटाने यहूद्यांची थट्टा केली ती दगडांवरून. ढिगाऱ्यातले जळके दगड हे काय उभे करणार, असा त्याचा टोमणा. नहेम्याचा चौथा अध्याय वाचला की मला उज्जैन आठवते.

१२३४-३५ मध्ये इल्तुत्मिशच्या स्वारीत तिथले महाकाल मंदिर पाडले गेले. पुढे माळव्याचा सुभेदार दिलावर खान घोरी याने १३९७ मध्ये शहरात मशीद बांधली. लोक तिला ‘बिना नींव की मस्जिद’ म्हणतात. खांब जुन्या देवळाचे. गवंड्यांना ते आयते मिळाले, पण आयते म्हणजे कुणाचे तरी मोडलेले, हे विसरून चालणार नाही.

अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. जुन्यातले मला सर्वांत आवडते ते एकच: परमारकाळची शिळा, तिच्यावर नागाच्या वेटोळ्यांत कोरलेली वर्णमाला. मंदिर पडले, पण मुलांची अक्षरे टिकली! २०२१ साली आवारात काम चालू असताना मातीखालून जुन्या मंदिराचे कोरीव अवशेषही वर आले.

आपण ख्रिस्ती माणसांनी हे परक्यांचे भांडण म्हणून वाचू नये. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्यांतली एक आहे. तिच्यावर १७२१ साल कोरलेले आहे.