वाहनाच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे आणि ग्रीसची निवड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटारवाहनाचा इतिहास हा बहुधा इंजिनाचा, कारखान्यांचा आणि उद्योगपतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वाहन तयार झाल्यानंतर ते वर्षानुवर्षे चालते ठेवणाऱ्या देखभालीच्या ज्ञानाची नोंद त्यात क्वचितच आढळते. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांना कोणते ग्रीस द्यावे, हा असाच एक उपेक्षित प्रश्न होय. वरवर पाहता तो गॅरेजपुरता मर्यादित वाटतो. तथापि धावत्या मालमोटारीचा शाफ्ट सांध्यातून निखळून रस्त्यावर आदळला, तर त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. या प्रश्नाची उत्तरे काळानुसार का बदलत गेली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सांध्याची घडण

एका रेषेत नसलेल्या दोन दंडांना जोडणारा सांधा सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान जिरोलामो कार्दानो यांच्या नावाने युरोपात ओळखला जातो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांच्या संदर्भात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या सांध्यात एक मूलभूत दोष आहे. पहिला दंड एकसारख्या वेगाने फिरत असला तरी दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दोन दंडांमधील कोन ३० अंशांचा असेल, तर हा वेग सुमारे १३ टक्क्यांनी कमी आणि सुमारे १५ टक्क्यांनी अधिक होतो. त्यामुळे मोटारीच्या शाफ्टला दोन्ही टोकांना सांधे देऊन एकाचा दोष दुसऱ्याने भरून काढण्याची पद्धत रूढ झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक मोटारी साखळीवर चालत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकलेल्या क्लॅरेन्स स्पायसर यांना १९०३ मध्ये आवरणयुक्त सांध्याचे पेटंट मिळाले आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीतील प्लेनफील्ड येथे त्यांनी उत्पादन सुरू केले. आवरणामुळे धूळ बाहेर राहिली आणि वंगण आत टिकू लागले. पुढे या सांध्याच्या चार भुजांवर सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंगे आली. आपल्याकडील गॅरेजांत ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात, तो हाच भाग.

या बेअरिंगांची हालचाल विशेष प्रकारची असते. रोलर पूर्ण फेरी घेत नाहीत; ते लहानशा चापात मागेपुढे डोलतात. त्यामुळे धातूच्या त्याच त्या जागी भार येत राहतो आणि वंगणाचा थर आपोआप नवा होत नाही. ग्रीस कोरडे पडले की रोलरांचे खळगे भुजेवर उमटतात, टोपीभोवती तांबूस भुकटी दिसते आणि गिअर बदलताना ठोक्याचा आवाज येतो. या लक्षणांकडे दुर्लक्ष झाल्यास सांधा तुटतो.

दोन डब्यांचा काळ

ग्रीस म्हणजे मूलतः साबणाच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. भागांमधील घर्षण मुख्यतः तेल कमी करते. साबण त्या तेलाला जागेवर ठेवतो. म्हणून ग्रीसचे गुणदोष बऱ्याच अंशी साबणावर अवलंबून असतात. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या साबणाचे जुने ग्रीस पाण्याला दाद देत नसे. परंतु त्याची घडण अंगच्या किंचित पाण्यावर टिकून असे. तापमान ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचले की ते पाणी निघून जाई आणि ग्रीस विस्कटे. सोडियम साबणाचे ग्रीस उष्णता सहन करी, मात्र पाण्यात विरघळे. साहजिकच चिखलपाण्यात राहणाऱ्या सांध्यांसाठी एक आणि तापणाऱ्या चाकाच्या बेअरिंगांसाठी दुसरा, असे दोन डबे ठेवणे भाग पडे. कोणता डबा कोठे वापरावा, हे कारागिराचे ज्ञान होते.

याच काळात या ज्ञानाला मोजमापाची जोड मिळाली. १९३३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय वंगण ग्रीस संस्थेने १९३८ मध्ये घट्टपणाच्या श्रेणी ठरविल्या. २५ अंश सेल्सिअसला, ठराविक मळणीनंतर, ग्रीसमध्ये प्रमाणित शंकू किती खोल रुततो यावर श्रेणी ठरते. सर्वपरिचित ‘क्रमांक २’ मध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. हा क्रमांक केवळ घट्टपणा सांगतो. साबण, तेल किंवा भारवहनाची क्षमता सांगत नाही. डब्यावरील ‘२’ हा आकडा पाहून ग्रीस निवडणे म्हणजे निवड अर्धवट सोडणे होय.

एका डब्याचे पर्व

१९४२ मध्ये क्लॅरेन्स अर्ल यांना लिथियम साबणाच्या ग्रीसचे पेटंट मिळाले. हे ग्रीस पाणी आणि उष्णता दोन्ही सहन करी; त्यातून थेंब सुटण्यास सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान लागे. दोन डब्यांचे काम एका डब्याने होऊ लागले आणि ‘बहुउद्देशीय’ ही संज्ञा रूढ झाली. रोलरांच्या क्रॉससाठी अतिभार सहन करणारी रसायने मिसळलेले, क्रमांक १ किंवा २ चे लिथियम ग्रीस हीच सर्वसाधारण शिफारस ठरली. निपलला ग्रीस गन लावून चारही टोप्यांतून जुने ग्रीस निघून नवे दिसेपर्यंत ते भरावे, हा नियमही तितकाच महत्त्वाचा. एका टोपीतून ग्रीस आले नाही, तर ती भुजा कोरडीच आहे असे समजावे.

या ग्रीसचा आपल्या भूमीशी जवळचा संबंध आहे. लिथियम साबणासाठी लागणारे १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल एरंडेल तेलापासून मिळते आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून वापरले जाणारे एरंडेल असे नव्या रूपाने मोटारीच्या सांध्यात पोहोचले. १९४७ मध्ये मुंबईत महिंद्र उद्योगाने विलीज जीपची जुळणी सुरू केली. जीपच्या पुढील व मागील आसांना शक्ती देणारे दोन स्वतंत्र शाफ्ट असल्याने सांध्यांची निगा हा तिच्या देखभालीचा नित्याचा भाग होता.

पुन्हा अनेक डबे

पुढची चाके चालविणाऱ्या मोटारींत तीच चाके वळवावीही लागतात. तेथे हूकच्या सांध्यातील वेगाचा चढउतार चालत नाही. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फनाय यांनी १९२६ मध्ये, तर पाठोपाठ आल्फ्रेड झेप्पा यांनी सहा गोळ्यांचा, स्थिरगती सांधा पुढे आणला. १९५९ च्या ब्रिटिश ‘मिनी’ मोटारीने तो सर्वसामान्यांच्या वाहनात आणला. भारतात १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मुळे पुढच्या चाकांची चालना घराघरांत परिचित झाली.

या सांध्यात गोळे खोबणीत लोळतात तसेच घसरतातही. घसरणीत धातू धातूला भिडू नये म्हणून पापुद्र्यांच्या रचनेचे मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळे ग्रीस येथे योग्य ठरले. तेच घन द्रव्य रोलरांच्या क्रॉसमध्ये अधिक प्रमाणात गेल्यास रोलर लोळण्याऐवजी घसरण्याचा धोका असतो. गिअरबॉक्सकडील, आतबाहेर सरकणाऱ्या त्रिपाद सांध्याला तर घर्षण विशेष कमी ठेवणारे ग्रीस लागते. अन्यथा वेग घेताना गाडी थरथरते. शिवाय ग्रीसमधील तेलाने बाहेरील रबरी बूट फुगता कामा नये. अनेक स्थिरगती सांध्यांत पॉलियुरिया ग्रीस असते. त्यात लिथियम ग्रीस मिसळल्यास मिश्रण बऱ्याचदा पातळ होऊन वाहून जाते. म्हणून फाटलेला बूट बदलताना सांधा धुऊन, पुसून, निर्मात्याने सांगितलेले ग्रीस सांगितलेल्या मापाने भरणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

या आढाव्यातून एक सूत्र स्पष्ट होते. ग्रीसची निवड वाहनाच्या नावावरून किंवा ग्रीसच्या किमतीवरून नव्हे, तर सांध्यातील हालचालीवरून ठरते. सांधा डोलतो, लोळतो, घसरतो की सरकतो, हा पहिला प्रश्न. उष्णता, पाणी, आधीचे ग्रीस आणि रबर हे त्यानंतरचे. ‘बहुउद्देशीय’ या शब्दाने श्रम वाचविले, परंतु हा पहिला प्रश्न विचारण्याची सवयही त्यानेच मोडली. पुढे कायमचे बंद सांधे आले आणि निवडीचा अधिकारच कारागिराकडून कारखान्याकडे गेला.

तरीही प्रश्न संपलेला नाही. विद्युत मोटारीतून इंजिन गेले, स्थिरगती सांधा राहिला. बॅटऱ्यांसाठी लिथियमची मागणी वाढल्याने ग्रीस उत्पादक कॅल्शियम सल्फोनेट आणि पॉलियुरियाकडे वळत आहेत. म्हणजे कॅल्शियम नव्या रूपात परतले आहे. डबे पुन्हा बदलत असताना निपल दाबणाऱ्या हातांना त्यामागील कारणही ठाऊक असणे अगत्याचे आहे. तंत्रशिक्षणाच्या पाठ्यक्रमात हा इतिहास समाविष्ट झाल्यास तो केवळ भूतकाळाची नोंद न राहता रस्त्यावरील सुरक्षिततेचे साधन ठरेल.