मोतीबिंदू दिसला, पीतबिंदू राहिला

आज आपण तंजावरला जाणार आहोत, भोसल्यांच्या दक्षिणेतल्या राजधानीत.

दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. त्यांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय सगळ्यांना ठाऊक असतं. धन्वंतरी महाल मात्र फारसा कुणी सांगत नाही. तिथं औषधं तयार होत, रोगी तपासले जात. त्या काळातल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं आजही तंजावरात जपून ठेवलेली आहेत.

या चित्रांची मर्यादा मला फार बोलकी वाटते. चित्रकाराला डोळा बाहेरून दिसेल तेवढाच काढता येत होता. मोतीबिंदू म्हणजे बाहुलीमागच्या भिंगाला आलेला गढूळपणा. तो बाहेरून दिसतो, म्हणून त्याला जुनं नाव आहे आणि सुईनं भिंग बाजूला सारण्याची जुनी शस्त्रक्रियाही.

पण एखाद्या म्हाताऱ्याची बाहुली स्वच्छ आहे, दाराची चौकट दिसते आणि दारात उभ्या माणसाचा चेहरा तेवढा दिसत नाही, तर? हा दोष डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, पीतबिंदूत असतो. वाचायला, चेहरे ओळखायला लागणारी मधली नजर तिथूनच येते. वयाबरोबर तो झिजला की मध्ये डाग पडतो, कडेची नजर शाबूत राहते. जिवंत माणसाचा हा पडदा पाहण्याचं साधन जर्मनीच्या हेल्महोल्त्झनं १८५१ मध्ये पुढे आणलं. सरफोजीराजे १८३२ सालीच वारले होते.

आज साधन आहे, सवय मात्र जुनीच आहे. आजीला दिसेनासं झालं की घरात म्हणतात, "मोतीबिंदू असेल, पिकू दे." मोतीबिंदू बहुधा थांबतो. पीतबिंदूचा कोरडा प्रकार हळूहळू वाढतो. ओला प्रकार मात्र थांबत नाही. त्यात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाझरतात आणि काही आठवड्यांत नजर जाऊ शकते. वेळेवर डोळ्यात इंजेक्शनं दिली तर बऱ्याच जणांची उरलेली नजर टिकते. गेलेली सगळी परत येईलच असं नाही.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एक डोळा झाकून वहीच्या रेघा बघायला सांगा, मग दुसरा. रेघ वाकडी दिसली किंवा मध्येच तुटली, तर त्याच आठवड्यात पडदा तपासून घ्या. तंजावरच्या वैद्यांना तो दिसत नव्हता. आपल्याला दिसतो.