बंजरकाठचा एकांत

गेल्या फाल्गुनात जावईबापूंच्या आग्रहास्तव आम्ही उभयतांनी बंजर नदीच्या काठी, मुक्कीनजीकच्या एका आलिशान वननिवासात दोन रात्री मुक्काम केला. बालाघाटहून गांगुलपाऱ्याचा घाट चढून उकवा, बैहर ओलांडले की साल वृक्षांचे रान सुरू होते. नोकरीच्या काळात हा रस्ता मी जीपने, एस.टी.ने आणि प्रसंगी मालमोटारीतूनही कितीदा तरी तुडवला होता. पाहुणा म्हणून जाण्याचा हा पहिलाच योग. निवास म्हणजे कापडी भिंतींचा तंबू; परंतु आत गुळगुळीत लाकडी फरशी, स्नानगृहात पितळी भांडी आणि पुढे नदीवर आलेला सज्जा. दूरदर्शन संच नाही, शेजारच्या तंबूचा दिवा दिसत नाही. एका रात्रीच्या भाड्यात माझ्या नोकरीतील पहिल्या दोन वर्षांचे वेतन सहज सामावले असते, हे मी सौभाग्यवतींना सांगितले नाही.

स्वागताला आलेल्या तरुण व्यवस्थापकाने सांगितले, “येथे आपण एखाद्या बेटावर आलो आहोत, असे समजा.” हा शब्द मनात रेंगाळत राहिला. मराठीत बेट म्हणजे पाण्याने वेढलेली भूमी, तसेच बेट म्हणजे बांबूची दाट जाळी. समोरच्या रानाला दोन्ही अर्थ लागू पडत होते. अलीकडे नदी, चहूकडे शेते, गावे, रस्ते, खाणी. आणि मध्ये साल-बांबूचे हे अभयारण्य. परंतु बेट निसर्गतः बनते, तसेच ते माणसाकडून बनवलेही जाते. समोरचा एकांत यांपैकी कोणत्या प्रकारचा, या प्रश्नाचा शोध म्हणजे प्रस्तुत लेख होय.

आपल्या जिल्ह्याचे नावच ‘घाटावरचा प्रदेश’ असे सांगते. खालच्या वैनगंगेचे पाणी गोदावरीस मिळते, तर वरच्या बंजरचे पाणी मंडल्याला नर्मदेत जाते. अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या अमलासोबत किंवा त्यामागून येथे आले. मात्र बराच काळ वस्ती राहिली ती वैनगंगेच्या खोऱ्यात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मण नाईक यांनी परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवली, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे. पुढे १८६७ साली मंडला, शिवनी व भंडारा या जिल्ह्यांचे भाग तोडून बालाघाट जिल्हा निर्माण करण्यात आला. घाटावरची ‘ओसाड’ जमीन लागवडीखाली आणणे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. कर्नल ब्लूमफील्ड या डेप्युटी कमिशनरांनी वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना उत्तेजन देऊन बैहर तहसिलीत वसवले. धान पिकवणारे, बांध घालणारे, तळी खोदणारे हे कष्टाळू लोक. त्यांनी पठाराचे रूप पालटून टाकले.

तथापि ‘ओसाड’ हा शब्द जपून वाचावा लागतो. बैहरच्या परिसरात जुन्या दगडी देवालयांचे अवशेष आहेत. म्हणजे तेथे पूर्वीही नांदती वस्ती होती. शिवाय ज्या काळात सरकारी कागद पठाराला ओसाड म्हणत होते, त्याच काळात तेथे गोंड आणि बैगा राहत होते. बैगा नांगर धरीत नसत. धरित्रीच्या अंगावर नांगर फिरवणे त्यांना पाप वाटे. झाडोरा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत कोदो-कुटकी पेरणे, आणि काही वर्षांनी ती जागा रानाला परत देऊन पुढे जाणे, ही त्यांची ‘बेवर’ शेती. जो सारा भरत नाही व एका जागी राहत नाही, तो महसुली दप्तराला दिसत नाही. मी स्वतः त्या दप्तरात आयुष्य घालवले असल्याने हे अधिकाराने सांगू शकतो.

१८७८ च्या वन अधिनियमानंतर सरकारी राखीव जंगलांच्या सीमा आवळल्या गेल्या. बेवरवर बंदी आली. १८९० साली तत्कालीन मंडला जिल्ह्यातील एका मर्यादित क्षेत्रात, ‘बैगा चक’मध्ये, तिला सवलत उरली. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या बैगांवरील ग्रंथात या बंदीने त्या समाजाचे मन कसे खचले, याचे विस्तृत वर्णन आहे. याच काळात रानात एक नवी वास्तू आली, ती म्हणजे वन विश्रामगृह. साहेबाच्या दौऱ्याच्या सोयीने बांधलेला बंगला, रुंद ओसरी, मागे खानसाम्याचे स्वयंपाकघर आणि बाजूला तबेला. आपल्या भागातील सुपखारचे गवताने शाकारलेले विश्रामगृह या परंपरेची आजही साक्ष देते. डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याने मध्य भारतातील वन्य प्राण्यांवर १९२३ साली लिहिलेले पुस्तक अशाच मुक्कामांतून सिद्ध झाले. म्हणजे रानातील मुक्कामाचे सुख ही नवी कल्पना नव्हे. पूर्वी ती हुद्द्याने मिळत असे, आज ती पैशाने मिळते, इतकेच.

कान्हा १९३३ साली अभयारण्य झाले. परंतु कागदावरच्या संरक्षणाने बंदुकी थांबल्या नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास विजयनगरमच्या महाराजकुमारांनी या परिसरात परवान्याने सुमारे ३० वाघ मारले आणि त्याचा बराच गवगवा झाला. १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्या वेळी आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती, ही गोष्ट नव्या पिढीस ठाऊक नसते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आपली कुटुंबेही त्या दिवशी एका अर्थी बेट झाली.

१९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर हा प्राणिशास्त्रज्ञ पत्नी व मुलांसह कान्ह्याच्या बंगल्यात राहिला. हरिण आणि वाघ यांच्यावरील त्याचा ग्रंथ १९६७ साली निघाला आणि कान्हा जगाला ठाऊक झाले. १९७० च्या गणनेत कठीण भूमीवर राहणारे बारासिंगे येथे अवघे ६६ उरले होते. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत कान्ह्याचा समावेश झाला. बारासिंग्यांना उंच गवताची मोकळी कुरणे हवीत, आणि अशी मोकळी जमीन होती ती मुख्यतः रानातील गावांपाशी. १९६९ च्या सुमारास गावे हलवण्यास प्रारंभ झाला. सौंफ, बिशनपुरा, रौंदा या मैदानांवर आज पर्यटक बारासिंग्यांचे कळप पाहतात. ती मैदाने म्हणजे उठून गेलेल्या गावांची शेतशिवारे होत. आज बारासिंग्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. हे यश खरे आहे, जगात त्याची वाखाणणी झाली आहे, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. ज्या प्राण्याचे जगात अन्यत्र कोठे घर उरले नव्हते, त्याला येथे घर मिळाले.

परंतु आता हिशेब मांडून पाहावा. सुमारे १८७० नंतर सरकारने पठारावर माणसे चढवली. सुमारे १९७० नंतर सरकारनेच त्या पठाराच्या एका भागातून माणसे उतरवली. दोन्ही वेळा हेतू लोककल्याणाचा होता आणि दोन्ही वेळा अंमलदार प्रामाणिक होते. दोन्ही वेळा ज्याला विचारावयास हवे होते तो बैगा मात्र ओसरीच्या खाली उभा होता.

मीही त्या अंमलदारांपैकी एक. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कनिष्ठ पदावर असताना, एका वनग्रामाच्या मोजणीच्या वेळी मी हजर होतो. घरे, बैल, विहीर, फळझाडे असे रकाने असलेला छापील तक्ता माझ्या हाती होता. एका वृद्ध बैगाने विचारले, “साहेब, नव्या जागी साजाचे झाड आहे का?” ज्याला आपण ऐन म्हणतो तो हा वृक्ष, गोंड-बैगांचा देव त्यात राहतो. मी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. देवाच्या झाडाला रकाना नव्हता. ‘इतर वृक्ष’ या सदरात मी एकचा आकडा लिहिला आणि पुढच्या घराकडे वळलो. त्या रात्री मुक्काम वन विश्रामगृहात होता. कंदिलाच्या उजेडात गरम भाकरी, वांग्याचे भरीत आणि अपार शांतता. ती शांतता मला तेव्हा रानाची वाटली होती.

या खेपेस दुसऱ्या दिवशी पहाटे सज्ज्यावर चहा घेऊन आलेला मुलगा बैगा निघाला. नदीपलीकडे बोट दाखवून तो सहज म्हणाला, “आजोबांचे गाव तिकडे होते.” गावाचे नाव विचारले तेव्हा तो अडखळला, वडिलांना ठाऊक असेल, म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पगार बरा आहे, बहीण बैहरला शिकते, हेही त्याने आनंदाने सांगितले. निवासामुळे दहा घरांत चूल पेटते, ही गोष्ट नाकारणे अन्यायाचे होईल. तरी एक विसंगती मनाला टोचते. आपल्याकडे ‘टोला’ म्हणजे मुख्य गावापासून दूर असलेली गरिबांची लहान वस्ती. आता बंजरकाठी ‘टोला’ हे नाव धनिकांच्या तंबूंनी धारण केले आहे. नाव राहिले, राहणारे बदलले.

पुनर्वसनाचे नियमही काळानुसार बदलले. २००६ च्या कायद्याने वनवासीयांचे हक्क मान्य केले. २००८ पासून प्रत्येक कुटुंबास १० लाख रुपये आणि २०२१ पासून १५ लाख रुपये अशी तरतूद झाली. तरीही २०१४ साली कान्ह्यातून हलवलेल्या बैगा कुटुंबांचे गाऱ्हाणे परदेशापर्यंत गेले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबवले, तेव्हा प्रथमच हा प्रश्न उघडपणे विचारला गेला की, गावकऱ्यास जेथे मनाई, तेथे पाहुण्यास मुभा का?

शास्त्राचाही येथे एक धडा आहे. मॅकआर्थर व विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ साली दाखवून दिले की बेट जितके लहान व एकाकी, तितक्या त्यावरील जीवजाती लवकर नष्ट होतात. म्हणूनच कान्हा ते पेंच हा शिवनी, मंडला, बालाघाट जिल्ह्यांतून जाणारा रानाचा पट्टा मोलाचा ठरतो. त्या वाटेने वाघ ये-जा करतो म्हणून कान्ह्याचा वाघ टिकून आहे. आणि त्या वाटेवर गावे आहेत, शेते आहेत, माणसे आहेत. म्हणजे ज्या रानाचा एकांत आपण विकत घेतो, ते रान बाहेरच्या गावांच्या सोशिकपणावर जगते. वाघालाही बेट मानवत नाही.

परतताना बैहरला थांबून त्या मुलाच्या वडिलांना भेटलो. त्यांनी गावाचे नाव सांगितले, पाटलाचे नाव सांगितले, विहीर कोणी बांधली तेही सांगितले. मी ते वहीत टिपून घेतले. छापण्याची अनुमती घेतलेली नसल्याने येथे देत नाही. आपल्या अनेक घरांत मालगुजारीच्या काळातील बस्ते, धान्यव्यापाऱ्यांच्या वह्या, जुने नकाशे आजही माळ्यावर पडून आहेत. घाटावरच्या अशा गावांची नावे त्यांत असण्याचा संभव आहे. वाळवीच्या आधी आपण ते उघडावेत, अशी मंडळाच्या सभासदांना माझी विनंती आहे. माझ्या तक्त्यात जो रकाना नव्हता तो आता भरता येणार नाही. निदान गावांची यादी तरी पुरी करता येईल.